सम्राटाला मारायचं कसं?

भंडाऱ्यात कचेरीच्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंनी टपऱ्या लागतात. त्यांतल्या एकदोन चहाच्या. बाकी सगळ्या भांडणाच्या. म्हणजे भांडणाला लागणारं सामान तिथं मिळतं: स्टॅम्प पेपर, अर्ज, झेरॉक्स, नोटरीचा शिक्का, आणि कोणाचं काय चुकलं हे फुकटात सांगणारी माणसं. माझी टपरी याच रांगेत होती. पाटीवर लिहिलं होतं 'मराठी टायपिंग'. लोक मात्र 'टायपिंगवाल्या बाईकडे' म्हणूनच रिक्षावाल्याला सांगायचे आणि रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा.

लग्न होऊन भंडाऱ्यात आले तेव्हा टायपिंगची परीक्षा पास होते आणि सासूबाईंचं मत होतं की सुनेनं घरात बसून मशीन चालवावी. त्यांच्या मनात शिलाई मशीन होती. मी टायपिंगची घेतली. पुढं मशीन गेली, कॉम्प्युटर आला, बोटं तीच राहिली.

लोकांना वाटतं हा बोटांचा धंदा. नाही, हा कानांचा धंदा आहे. लिहून आणणारे थोडे. बहुतेक जण समोर बसून सांगतात आणि आपण बडवत जायचं. आमच्या क्लासच्या बाई एकच गोष्ट घोकून घ्यायच्या: सांगणाऱ्याचं तोंड आणि आपले हात, मध्ये आपलं डोकं घालायचं नाही. याला कारण आहे. एखादा शेतकरी सांगतो, 'भावानं धुरा कोरला', म्हणजे शेताचा बांध कापला. आपण शहाणपणा करून 'अतिक्रमण केले' लिहिलं, की उद्या कोर्टात समोरचा वकील त्याला विचारणार, अतिक्रमण म्हणजे काय हो? तो बिचारा गप्प बसणार. त्याचा धुरा त्याच्याच शब्दांत राहिला पाहिजे. हा नियम मी कायम पाळला. एकदा एका माणसानं सासऱ्याला लिहिलेल्या नोटिशीत मधेच 'आन् पोट्टीले सर्दी झाली हाय का?' असं विचारलं, तेही मी टाईप केलं. नोटीस गेली, आणि ऐकलं ते खरं असेल तर प्रकरण त्या एका ओळीवरच मिटलं.

गिऱ्हाइकांचे नमुने किती सांगावे! एक नवराबायको घटस्फोटाचा अर्ज टाईप करायला जोडीनं आले. नवरा सांगायला लागला, 'बायको उद्धट स्वभावाची आहे.' बायको म्हणाली, 'उद्धट नोका लिहू, तापट लिहा.' त्यावर दोघांचं इतकं जुंपलं की मी हात काढून घेतले. शेवटी 'तापट' ठरलं, प्रिंट निघाली, आणि दोघं एकाच लुनावर बसून गेले. अर्ज दिला की नाही, देव जाणे. पुढच्या वर्षी बारशाची पत्रिका करायला आले होते.

दुसरे एक लग्नपत्रिकावाले. त्यांना 'आपले विनीत' मध्ये सगळ्या भाऊबंदांची नावं हवी होती, मेलेल्यांचीही. मी म्हटलं, जागा नाही. ते म्हणाले, 'नवरीचं नाव लहान करा.'

असं चाललेलं असताना बांतेजी आले. यांच्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलंय, बाकीचं तोंडीलावणं समजा.

सदाशिव बांते, मुक्काम आंबागड, तालुका तुमसर. जंगल खात्यात वनरक्षक होते, रिटायर झालेले. उंच, काटक, हातात काठी, खांद्याला पिशवी. डावा डोळा गेलेला होता. त्या बाजूनं कोणी आलं तर मान पूर्ण वळवून बघायचे. पिशवीतून त्यांनी वह्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, कादंबरी टाईप करून देता का जी?"

"देतो ना. कशावर आहे?"

"जादू, साम्राज्य अन् सूड." थोडं थांबून म्हणाले, "अहिंसा बी आहे जराशी."

माझ्या टपरीत तोवर साम्राज्य आलं नव्हतं. धुऱ्यापलीकडं कोणाचं राज्यच नव्हतं. मी म्हटलं, "अहिंसा कोन करते?"

"तेच तं भांडन आहे," ते म्हणाले. आणि मग माझ्या टपरीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, "खरं सांगू का? मी एका मानसाले मारासाठी हे पुस्तक लिहून राहिलो."

शेजारच्या टेबलावर हटवारभाऊ बसत. ते अर्जनवीस, जन्म अर्ज लिहिण्यात गेलेला. त्यांचा पेन जागच्या जागी थांबला.

बांतेजींनी काहीही लपवलं नाही. नोकरीत असताना एका संध्याकाळी आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी चोरीच्या सागवानाची बैलबंडी अडवली. बंडीवर त्यांच्याच गावचा उरकुडा चोपकर होता, शाळेत एका बाकावर बसलेला. बोलाचाली झाली, उरकुड्यानं काठी हाणली, डोळा गेला. केस झाली. साक्षीदारांना अंधारात काही दिसलं नव्हतं असं कोर्टात निघालं आणि उरकुडा सुटला. तेव्हापासून दोघं एकाच गावात राहतात, बोलत नाहीत. लग्नाकार्यात गावानं त्यांच्यासाठी सोय करून ठेवलीय: बांतेजी पहिल्या पंगतीला, उरकुडा दुसऱ्या.

"हातानं तं मारू शकत नाही," बांतेजी म्हणाले. "आमचा बाप माळकरी होता. मंग म्हटलं, लिहून मारू. पुस्तकातला सम्राट चंडप्रताप म्हनजे उरकुडा. शेवटच्या पानावर मरते. लोकाईनं वाचावं अन् समजावं."

मी वही उघडली. एका डोळ्यानं लिहिल्यामुळं ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. मला एक वाक्य धड लागेना. म्हटलं, "बांतेजी, हे तुमीच वाचा अन् सांगा. तुमचं तोंड, माहे हात."

झालं! दर बुधवारी तुमसरच्या एसटीनं साम्राज्य भंडाऱ्यात यायला लागलं.

कादंबरीचं नाव 'हिरवी शपथ'. सुवर्णकोट नावाचं साम्राज्य. चंडप्रतापाचं सैन्य एक गाव जाळतं. त्यातून नीलाक्षी नावाची मुलगी वाचते. जंगलात तिला अभयमुनी भेटतात आणि जादू शिकवतात. जादू कसली, तर तिनं हात लावला की वाळलेलं झाड पालवतं, आटलेला तलाव भरतो. पण शिकवण्याआधी मुनी शपथ घालतात: या जादूनं एक जरी जीव घेतलास, तरी तुझ्या हातानं हिरवं झालेलं सारं एका क्षणात वाळून जाईल. पोरगी तेव्हा लहान, शपथ घेते. मग ती साम्राज्यभर हिंडत गावंच्या गावं हिरवी करते, आणि मनात एकच धरून असते, की एक दिवस चंडप्रतापासमोर उभं राहायचं.

बांतेजींची भाषा पुस्तकात अगदी राजेशाही. 'हे नराधमा', 'तिच्या नेत्रांतून अंगार बरसू लागला', असं. घरी मात्र 'पानी दे वं' म्हणत असतील. पण सांगायचे असे की वकिलाचे कारकूनसुद्धा तारखेला जायचं विसरून दाराशी उभे राहत. बाकावर जागा पुरेना. चहावाला सम्राटाची चौकशी करून मगच कप ठेवायचा.

आणि मग लक्षात यायला लागलं की बांतेजी अडकलेत.

शपथ त्यांनी स्वतःच दुसऱ्या प्रकरणात घालून ठेवली होती, शोभेला. आता नीलाक्षी राजवाड्याच्या दाराशी पोचली, आणि तिनं चंडप्रतापाला मारलं तर सगळी गावं वाळणार. त्या गावांतली माणसं आम्हाला नावानिशी माहीत झालेली. एक म्हातारी कुंभारीण होती, तिच्या दारातलं आंब्याचं झाड. ते वाळू द्यायला कोणी तयार होईना.

"दुसरं प्रकरण बदलून टाका ना जी," मी म्हटलं. "मी दोन मिनिटांत काढून देतो."

"वा! शपथ अशी काढता येते का? मंग ते शपथ काय राह्यली?" बांतेजी रागावले. माळकऱ्याचं पोर ते.

तेव्हा हटवारभाऊ पुढं सरसावले. अर्जनवीसाच्या हातात कुठलाही मजकूर द्या, तो आधी त्यातली फट शोधतो. त्यांनी शपथेचं ते पान माझ्याकडून प्रिंट काढून घेतलं, चष्मा लावला आणि लाल पेननं वाचलं.

"'या जादूनं' असं लिहिलं आहे," ते म्हणाले. "म्हनजे जादू सोडून बाकी सारं मोकळं. पोरीच्या हातात सुरी द्या."

बांतेजी म्हणाले, "ते मुनीची शिष्या आहे. सुरी धरते का कधी?"

"बरं, तिनं कोनाले तरी मुखत्यारपत्र करून द्यावं. मारनारा दुसरा, तिचा संबंध नाही."

हा मुखत्यारपत्राचा मुद्दा तासभर चालला. एका कारकुनाचं म्हणणं, मुखत्यारानं केलेलं कृत्य मालकावर बंधनकारक असतं, झाडं वाळणारच. दुसरा म्हणाला, राजा जिन्यावरून पडून मेला तर? तिसरा म्हणाला, ती झाड हिरवं करते ना, मग राजा ज्या खुर्चीवर बसतो ते लाकूडच हिरवं करावं, त्याला फांद्या फुटाव्यात आणि तो दबून मरावा. यात जादू झाडावर केली, माणसावर नाही. यावर हटवारभाऊंनी मान हलवली. "हेतू पाहतील," ते म्हणाले, "हेतू खुनाचाच दिसते." जणू अभयमुनी सेशन कोर्टात बसले होते!

या सगळ्यांत कोंढ्याच्या शेवंताबाईंना कायद्याचं काही घेणं नव्हतं. त्यांच्या दिरानं ऐन रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, त्यांच्या बांधीची पाळ फोडून पाणी आपल्याकडं वळवलं होतं. त्या तारखेला यायच्या आणि तारीख मिळाली की टपरीत येऊन बसायच्या. त्यांचं मत स्पष्ट होतं. "वाळू द्या झाडं! पुन्हा लावता येतेत. पन हा मुडदा मेला पायजे."

"शेवंताबाई, सारी गावं वाळतील वं," मी म्हणायचे.

"त्याईनं काय केलं पोरीसाठी? कोन आलं साक्ष द्यायले?"

बांतेजींना कुठं तरी ते पटायचं आणि कुठं तरी बापाची माळ आड यायची. त्या दिवसांत ते वाळून गेल्यासारखे दिसायला लागले. एकदा मला हळूच म्हणाले, "बाई, हे पुस्तक झालं नाही तं मी असाच मरन. पोटात ठेवून. अन् झालं, अन् राजा मरून बी काही झालं नाही तं?" मी त्यांच्यासाठी चहा मागवला. आपण टायपिंगवाल्या, डोकं मध्ये घालायचं नाही असं शिकलेल्या. पण खरं सांगते, त्या बुधवारी रात्री भात गाळताना मी चंडप्रतापाचाच विचार करत होते.

एवढी माणसं जिथं रोज येतात तिथली गोष्ट तिथंच राहील, असं होत नाही. तुमसरकडचे लोक टपरीत ऐकून जायचे आणि एसटीत सांगायचे. आंबागडला कळायला कितीसा वेळ लागणार? सदाशिव भंडाऱ्यात बसून उरकुड्याला मारून राहिला, हे गावात झालं. आम्हाला याची कल्पना नव्हती. असती तर हटवारभाऊंनी आधीच अब्रूनुकसानीचा मुद्दा काढला असता.

मग एका बुधवारी शेवटचं प्रकरण सुरू करायचं होतं. बांतेजी आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले, पण त्यांनी वही उघडली नाही. वहीत शेवट नव्हताच. पानं कोरी होती. म्हणाले, "आज जे तोंडात येईल ते सांगतो. तुमी थांबू नोका." बाकावर दोन कारकून, शेवंताबाई, आणि अगदी टोकाला, बांतेजींच्या डाव्या हाताला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक म्हातारा. तो मघाशीच आला होता. निराधार योजनेच्या पैशासाठी शपथपत्र करायचं आहे म्हणाला होता. मी नाव विचारायच्या आत "आधी याईचं होऊ द्या, मले घाई नाही" म्हणून बसला होता.

बांतेजी सांगायला लागले. राजवाडा, हजार दिवे, सिंहासन. पहारेकरी बाजूला झाले कारण नीलाक्षीच्या पायाखाली फरशीतून गवत उगवत होतं. हे त्यांनी असं सांगितलं की माझ्या पायांना गारवा लागला. ती सिंहासनासमोर आली. तिनं हात उचलला. इथं बांतेजी थांबले.

तेवढ्यात टोकावरचा म्हातारा म्हणाला, "कसं मारते मंग राजाले?"

असं विचारणारे बरेच असायचे. मी लक्षही दिलं नसतं. पण बांतेजींचा चेहरा बघितला आणि माझे हात थांबले. त्यांनी मान वळवली नाही. सरळ माझ्याकडं बघत, अगदी हळू विचारलं, "बाई, माह्या डाव्या हाताले कोन बसला आहे?"

मी म्हटलं, "बाबाजी आहेत एक. दुपट्टा बांधलेले."

"मी आहो," म्हातारा म्हणाला. "उरकुडा."

शेवंताबाईंच्या तोंडून निघालं, "आई वं! राजा!" आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. एरवी मला हसू फुटलं असतं. हटवारभाऊ अर्धे उठले आणि तसेच राहिले. मला एकच दिसत होतं: बांतेजींच्या हातातली काठी. ती त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. आणि माझ्या टपरीत दोन माणसांमध्ये काठी पुरेल एवढंच अंतर होतं.

"कायले आलास?" बांतेजी म्हणाले.

"आइकाले. गावात सारे म्हनून राहिले का सदाशिव तुले मारून राहिला. म्हटलं, आपलं मरन आपन जाऊन पाहावं."

"शपथपत्र?"

"ते बी कराचं आहे." म्हाताऱ्यानं खिशातलं आधार कार्ड काढून दाखवलं. खोटं बोलत नव्हता.

बाहेर उसाच्या रसवाल्याचा घुंगरू वाजत होता. मग बांतेजींनी काठी दोन्ही गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि मला म्हणाले, "चालू करा बाई." मी चालू केलं. त्यांचा आवाज पुन्हा राजेशाही झाला. "नीलाक्षी म्हणाली, हे चंडप्रतापा, माझा हात उचललेला आहे. तो खाली येण्यापूर्वी तुला काही सांगावयाचे असेल, तर सांग." मी टाईप केलं. पुढच्या वाक्याची वाट बघत बोटं वर धरून बसले. ते आलं नाही. बांतेजींनी सगळी मान फिरवली, खांदाही फिरवला, आणि उजव्या डोळ्यानं उरकुड्याकडं पाहिलं.

"सांग," ते म्हणाले. "तुह्या तोंडचं मी कसं सांगू? इतके वर्ष मले माहीत नाही तू काय बोलला असता."

"मी कायचा राजा गा?"

"आज आहेस."

उरकुड्यानं दुपट्टा सोडला, मांडीवर ठेवला, त्याची घडी घातली, पुन्हा मोडली. मग बांतेजींकडं न बघता तो माझ्याकडं बघून बोलायला लागला. शपथपत्राला माणसं बोलतात तसा, थांबून थांबून, मी टाईप करीपर्यंत वाट बघत.

"लिहा बाई. मले वाटलं, भेव दाखवावा. काठी खाली येतवरी मले वाटून राहिलं होतं का खांद्यावर बसल. डोळ्यावर बसली. मंग मी पळालो. थांबाले पायजे होतं, पन पळालो. साक्षीदाराईले मी काही देल्लं नाही, पन ते खोटं बोल्ले तवा मी चूप राह्यलो. तवापासून मी याच्या उजव्या अंगानंच चालतो, का मी आलो म्हनून याले दिसावं. याले दिसते, अन् हा तोंड फिरवते. म्हनून आज डाव्या अंगाले बसलो. तोंड फिरवू नये म्हनून. याचा डोळा माह्यानं गेला. माफी असावी." मग त्यानं विचारलं, "झालं का लिहून?"

"झालं जी," मी म्हटलं.

पडद्यावर सम्राट चंडप्रतापाच्या तोंडी ते सगळं उमटलं होतं, जसंच्या तसं. वरच्या ओळीत 'सांगावयाचे असेल, तर सांग' आणि खालच्या ओळीत 'मले वाटलं, भेव दाखवावा'. माझ्या बोटांनी दुसरं काही केलं नसतं. त्यांना तेच शिकवलेलं होतं.

बांतेजी रडत होते. पाणी दोन्ही डोळ्यांतून येत होतं, गेलेल्या डोळ्यातूनही. ते त्यांनी पुसलं नाही. नाक ओढून, अर्ध्या फुटक्या आवाजात म्हणाले, "नीलाक्षीने हात खाली घेतला. पूर्णविराम. परिच्छेद बदला."

"मंग मेला का राजा?" उरकुड्यानं विचारलं.

"नाही. पानी ओढते आता जन्मभर. जाळलेल्या गावात झाडं लावते अन् पानी ओढते."

"मारून टाकाले पायजे होता," शेवंताबाई पुटपुटल्या. पण त्यांचेही डोळे ओले होते. हटवारभाऊंचं म्हणणं पडलं की निदान दंड आणि दाव्याचा खर्च तरी वसूल करायला हवा होता. साम्राज्य एवढं मोठं, तिजोरीत काही कमी नसेल.

मग मी उरकुड्याचं शपथपत्र करायला घेतलं. नाव, वय, धंदा. बांतेजी दारात उभे होते. आत बघून दोनदा म्हणाले, "लवकर करा बाई, तुमसरची गाडी सुटल." त्यांची वही तर केव्हाच पिशवीत गेली होती. मग ते कशाला थांबले होते, हे विचारायची गरज नव्हती.

शेवंताबाईंची केस अजून चालू आहे. त्या दिवसाचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. दिराला सोडणार नाही म्हणतात, आणि पाळ फोडणाऱ्याला सोडू नयेच, असं मलाही वाटतं. माझी टपरी मात्र बंद झाली. आता लोक मोबाईलशी बोलतात आणि मोबाईल टाईप करतो. चांगलं आहे. मीही वापरून पाहिला. 'धुरा' म्हटलं तर त्यानं 'धूर' लिहिलं. आमच्या क्लासच्या बाईंनी त्याला उठवून उभं केलं असतं. तरी उगाच रडगाणं गायचं नाही. गेली ती माणसं, ती बाकावरची गर्दी, तिची मात्र आठवण येते, ती येणारच.

'हिरवी शपथ' नागपूरच्या एका प्रकाशकानं काढायचं ठरवलं. त्यांच्याकडच्या मुलीचा मला फोन आला, कारण टाईप केलेली फाईल माझी होती. पोरगी हुशार, बोलायला गोड. म्हणाली, "मॅडम, शेवटी काहीतरी गोंधळ झालाय. सम्राट एकदम गावाकडच्या भाषेत बोलतो. आणि तो नायिकेच्या डोळ्याची माफी मागतो. तिचे दोन्ही डोळे तर चांगले आहेत. साक्षीदार कोण, काठी कुठली, काहीच कळत नाही. दुसऱ्या कोणाचा मजकूर यात पेस्ट झाला का?"

तिचं बरोबर होतं. पुस्तक म्हणून बघितलं तर ते चुकलेलंच होतं. मी म्हटलं, लेखकाला विचारून सांगते. आणि आंबागडला फोन लावला.

बांतेजींनी सगळं ऐकून घेतलं. फोनवर मागून कोणीतरी "कोन आहे गा?" असं विचारलं, तो आवाज मी लगेच ओळखला. बांतेजी त्याला म्हणाले, "थांब जरा, टायपिंगवाल्या बाई आहेत." मग मला म्हणाले,

"काढू नोका जी. त्यानं माफी मांगली, मी देल्ली. आता वापस कायले घ्याची?"